एकशे सतरा बायांचा डबा

१

मंगळवारच्या बाजारात सकाळी साडेदहाला चाँदबीनं अशी आरोळी ठोकली की वांग्याच्या ढिगाशेजारी उकिडवा बसलेला माणूस थेट वांग्यात पडला.

"माझा डबा गेला! अगं माझा डबा कुणी नेला गंऽऽ!"

हिंगणखेड्याच्या बाजारात चोरी म्हणजे फुकटचा तमाशा. दोन मिनिटांत माणसांचं कडं झालं. कुणी म्हणालं डब्यात सोनं असणार, कुणी म्हणालं म्हातारीचं हजला जायचं गाठोडं असणार. भजीवाल्यानं तर झारा हातात धरूनच विचारलं, "चकल्या व्हत्या का आपा?" आणि हशा पिकला.

त्या हशात एकच माणूस हसला नाही, आणि त्याचंच गावाला नवल वाटलं. कारण एरवी गावातलं हसणं त्याच्याच कारखान्यातून निघायचं. बब्रुवान. बत्तीस वर्षं एस्टीत तपासनीस म्हणून काढली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या बुटात जिता खेकडा सोडणारा हाच. भरल्या गाडीत चढला की तिकीट न मागता फुकट्या ओळखणारा पण हाच. फुकट्या माणूस खिडकीबाहेर गरजेपेक्षा जास्त लक्ष देऊन बघतो, असं त्याचं शास्त्र होतं.

सगळ्या नजरा त्याच्याकडं वळल्या.

"नाना, काढा आता डबा. लई झाली मस्करी."

चाँदबी पण त्याच्याकडं बघायला लागली. पासष्टीची बाई, चाळीस वर्षं गावाच्या बायकांना बांगड्या भरत आलेली. कधी कुणापुढं हात न जोडलेली. तिनं हात जोडले.

"बब्रूभाऊ, गंमत केली असंल तर दे रे परत. पाया पडते तुझ्या."

आयुष्यभर केलेल्या चेष्टांची वसुली अशी एका झटक्यात व्हावी, हे बब्रुवानला अपेक्षित नव्हतं.

"आपा, आईशपथ, म्या न्हाय. पर कुणी नेला ते म्या हुडकतो. काय व्हतं डब्यात?"

"बाया," चाँदबी म्हणाली.

"काय?"

"एकशे सतरा बाया हायेत त्यात. त्यातल्या एकवीस मेल्या. आन् बाविसावी जायच्या वाटंवर हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तीन वाजेपतोर डबा न्हाय घावला, तर तिला कोण वाचवणार?"

भजीवाल्याचा झारा खाली आला. आता कुणीच हसेना.

२

चाँदबीच्या दुकानाला पुढं बांगड्यांची फळी आणि मागं जुन्या लुगड्याचा आडोसा. बाईला तिथं निवांत हात पुढं करता यावा म्हणून. चाळीस वर्षांत त्या लुगड्याआड एकही बाप्या गेला नव्हता. सरपंच असो की फौजदार, तो बाहेर उभा.

"ये आत," ती बब्रुवानला म्हणाली. "आज तू बाप्या न्हाईस, चेकर हाईस."

तो वाकून आत शिरला. सतरंजी, साबणाच्या पाण्याचं वाडगं, तिचा बसायचा पाट. पाटामागं डबा असायचा, तिथं आता नुसता चौकोनी डाग.

"आपा, पाणी," कुणीतरी म्हणालं. दोघं दचकले. ओढ्यापल्याडच्या वस्तीतली निकिता तांब्या घेऊन अगदी पाठीशी उभी होती. दोन्ही हातांत डझनभर बांगड्या घातलेली बाई, पण कधी आली ते कळलंसुद्धा नाही. तांब्या ठेवून ती आली तशीच गेली.

चाँदबीनं घोटभर पाणी घेतलं आणि सांगायला लागली.

बांगडीचं माप मनगटाचं नसतं, मुठीचं असतं. बोटं जुळवून, अंगठा आत दुमडून, सगळ्यांत रुंद जागी दोरा फिरवायचा. वस्तीतल्या बाया दसऱ्यानंतर ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात. तिथून संक्रांतीच्या बांगड्या हव्या असल्या की मुठीवर दोरा फिरवून गाठ मारतात आणि कुणाच्या तरी हाती धाडतात. तो दोरा बघून चाँदबी बांगड्या पाठवते. दोरा मात्र फेकत नाही. पंधरा वर्षं झाली. एकेका बाईचे सगळे दोरे एका गाठीत, जुने खाली, नवे वर. नुसती वस्ती नाही, गावातल्या बायांचे पण.

"कशाला ठेवतेस?"

"आधी असंच. मग एकदा रिकामी बसले व्हते, तर दोरे हातात घेऊन बघितले. गावातल्या बाईचा दोरा लेकरं झाली की वाढतो, चाळिशीत अजून वाढतो. वस्तीतल्या बाईचा आटतो, भाऊ. दोन-सहाची दोन-चार हुती, दोन-चारची दोन-दोन. दोन-दोन म्हंजे पोरीच्या हाताचं माप. बाई दोन-दोनवर आली की म्या समजते, आता मला लौकरच हिरवा चुडा घेऊन जावं लागणार."

सवाष्ण बाई गेली की तिला हिरवा चुडा भरतात. तो भरायला पण चाँदबीच. त्या दिवशी ती शेवटचा दोरा घ्यायची आणि त्याला हिरव्या काचेचा तुकडा बांधून ठेवायची. असे एकवीस तुकडे झाले होते. सगळ्या पन्नाशीच्या आतल्या. गावातल्या तीन, वस्तीतल्या अठरा.

"इधवा बायांना चुडा नसतो," ती म्हणाली, "म्हंजे खरा आकडा याच्याबी म्होरं."

बब्रुवाननं तिच्याकडं बघितलं. ओढ्यापल्याडची वस्ती म्हणजे ज्यांच्या पणज्याला गावानं आत घर बांधू दिलं नाही, त्यांची. अजून लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान वेगळं पडतं. दोन्हीकडच्या बायांचा हात हातात घेणारी सगळ्या गावात ही एकच बाई. आणि तिनं त्या हातांची नोंद ठेवली होती. शाळेची पायरी न चढता, कुणी न सांगता. बत्तीस वर्षं तपासणी करून आपण काय पकडलं, तर फुकटे. बब्रुवानला स्वतःची लाज वाटली आणि तिचा लई अभिमान वाटला, दोन्ही एकदमच.

बाकीचं त्याला माहीतच होतं. काल पंचायतीत तालुक्याच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. बायांच्या तपासणीची गाडी तीन महिने एकाच गावात राहणार होती, जिथं बाया जास्त मरतात तिथं. हिंगणखेड्याच्या मृत्यूनोंदीत पंधरा वर्षांत पन्नाशीच्या आतल्या बाया किती? चार. सरपंच तर 'निरोगी गाव' म्हणून बक्षिसाचा अर्ज भरून मोकळा झाला होता. तेव्हा मागून चाँदबी उभी राहिली. "चार न्हाईत. माझ्याकडं एकेकीची नोंद हाय. उद्या बाजारात या, दावते." मॅडम म्हणाल्या, तीन वाजता येते.

"डबा पाटामागं हाय हे कुणाला ठावं व्हतं?"

ती तोंड उघडणार, तोच तिची सून तहरीम धापा टाकत आली.

"अम्मी! घरात चोर शिरला व्हता! कपाट उचकलंय समदं!"

"काय नेलं?"

तहरीमला रडावं की हसावं कळेना. "तन्नूची पाढ्यांची वही."

३

एका सकाळी दोन चोऱ्या. एका चोरानं डबा नेला, एकानं तिसरीतल्या पोरीचे पाढे. बब्रुवान मिशीतल्या मिशीत हसला आणि सरळ पंचायतीच्या हापिसात गेला.

सरपंच दिग्विजय स्वागताचा फलक लावून घेत होता. ग्रामसेवक श्रीनाथ खुर्चीवर चढून खिळा ठोकत होता. हापिसाच्या मागं पत्र्याच्या ड्रममधून धुराची रेघ निघत होती. बब्रुवान आधी मागं गेला, काडीनं राख ढवळली, आणि मग पुढं आला.

"सरपंच, एक कोडं घाला म्हणलं. तेरा सत्ते किती?"

दिग्विजयचा चेहरा पांढराफटक. खुर्चीवरचा श्रीनाथ डगमगला.

"म्हंजे?"

"एक्क्याण्णव. तुमच्या ड्रमात लिव्हलंय. तेराच्या पाढ्याचं अर्धं पान ऱ्हायलंय जळायचं." बब्रुवान स्टुलावर बसला. "कुणाला धाडलं व्हतं चोरायला? त्यानं वही उघडून तरी बघायची!"

श्रीनाथ हळूच खाली उतरला. "नाना, मोठ्यानं बोलू नका. आमाला वाटलं म्हातारीकडं नोंदवही हाय. नावं, तारखा, समदं लिव्हलेलं."

"आन् डबा?"

"कसला डबा?" दोघं एकदम म्हणाले.

बब्रुवाननं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

"बरं, अजून एक. सरपंच, हर्षालीताईंच्या बांगडीचं माप काय?"

"मला काय म्हाईत! बायकांचं असतं ते."

"श्रीनाथ, तुमच्या मंडळींचं?"

"नाना, डोकं ठिकाणावर हाय ना?"

"हाय. म्हणून तर सुटलात." तो उठला. दारात थांबला. "श्रीनाथ, एकवीस बाया गेल्या, नोंद चारच कशी रे?"

श्रीनाथ वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. तो खांदे उडवत म्हणाला, "दाखला मागायला कुणी आलंच न्हाय. गडी मेला की चार दिवसांत भाऊ-पुतण्या दारात. सात-बाऱ्यावर वारस लावायचे असतात. बाईच्या नावावर काय असतंय? वस्तीत तर गड्याच्याबी नावावर काय न्हाय. मग बाईसाठी कोण यील?"

"म्हंजे जिच्या नावावर रान न्हाय, ती मरत बी न्हाय."



४

ऊसतोडीचा मुकादम लिंबाजी चहाच्या टपरीवर होता. ह्या वर्षीच्या टोळीत कोण कोण जाणार ते तो ठरवत होता. टोळीत माणसं सुटी मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार. एक अंग निकामी झालं की जोडी बाद.

"मुकादम, तुमच्या कारभारणीच्या बांगडीचं माप काय?"

"दोन-सहा," लिंबाजीनं बशीतला चहा न सांडता उत्तर दिलं.

बब्रुवानच्या हातातला कप अर्ध्यात थांबला. सकाळपासून पाच बापयांना विचारलं होतं. हा पहिलाच, ज्याला माहीत होतं.

"तुमाला कसं ठावं?"

"दर संक्रांतीला टोळीतल्या बायांचे दोरे चाँदबीला आणून देणारा म्याच की. आमच्या द्वारकाबाईचा बी असायचा त्यात." त्यानं बशी खाली ठेवली. "डबा गेला म्हणं. म्या घेतला असं वाटतंय तुमाला?"

"तुमच्या टोळीतल्या किती बाया गेल्या, ते दिसलं असतं त्यात."

"मग? म्या काय मारल्या? पहाटं तीनला उठायचं, दिवसभर मोळ्या, रातच्याला भाकरी. गडी जेवून पडतो, बाई उरलं तर खाती. हे म्या न्हाय ठरवलं." मग तो धंद्याची गोष्ट बोलल्यासारखं बोलला. "खरं सांगू? डबा उघडायलाच पायजे व्हता. म्याबी जाऊन उभा ऱ्हाणार व्हतो. कोण सुकलीया ते आधीच कळलं असतं. मागल्या साली निम्म्या हंगामात एक बाई आडवी पडली, जोडी वाया गेली. यंदा पांढरी पडलेली बाई म्या नेणारच न्हाय."

"हे कुणाला बोलला व्हता?"

"काल सभा सुटल्यावर. वस्तीतले समदे व्हते की."

बब्रुवाननं चहा तसाच ठेवला. एवढा वेळ तो चोर शोधत होता तो मेलेल्यांना लपवणारा. आणि ह्या डब्यात मेलेल्यांपेक्षा जित्याच जास्त होत्या.

५

"आडोशाआड सकाळपासून कोण कोण बसून गेलं?" त्यानं परत येऊन चाँदबीला विचारलं.

"तिघीच. बेंबळीची एक नवी नवरी. सरपंचाची हर्षाली. आन् निकिता."

"नवरीला डब्याचं ठावं न्हाय. ऱ्हायल्या दोघी." मग त्याला आठवलं. "आपा, लिंबाजीनं बायकोचं माप बरोबर सांगितलं बरं का. दोन-सहा."

चाँदबी विचित्र हसली. "दोन-सहा? ते तीन सालामागलं. आता द्वारकी दोन-चारवर आलीया. मुकादमाची बायको असून बी टोळीच्या पंचवीस माणसांच्या भाकरी तीच थापती. दोरे धाडायचं बंद केलं तिनं. स्वतः येती, हळूच भरून जाती."

हर्षाली वाड्यात नाही, नव्या स्लॅबच्या घरात टीव्हीपुढं सापडली. बब्रुवाननं आडवळण घेतलंच नाही.

"ताई, चाँदबीचा डबा तुमी घेतला का?"

"घेतला असता बी," ती म्हणाली. "ह्यांच्या बक्षिसापायी घरात आठ दिवस झाले दुसरा इषय न्हाय. पर डब्यात दोरे हायेत हे ह्यांना ठावं न्हाय, आन् म्या सांगितलंबी न्हाय. माझाच दोरा बघा की त्यातला. लग्नात दोन-चार व्हते, आता दोन-आठ." तिनं आपला भरलेला हात बघितला, आणि तिचं हसू जरा फिकं झालं. "निकिता माझ्याच वयाची, नाना. एकाच साली दोघी ह्या गावात नांदाय आलो."

"सकाळी ती व्हती तवा काय बघितलं?"

"बघितलं काय न्हाय. बांगड्या भरायच्या न्हाईत म्हणाली, पर बसून ऱ्हायली. डोक्यावरची पाटी उतरवून आपांच्या मागं ठेवली. आपा मला भरण्यात गुंतल्या व्हत्या." हर्षालीनं कपाळाला आठी घातली. "एक मातर खटकलं. ती पाटी उचलून उठली, डोक्यावर घेतली, गेली. पर तिच्या बांगड्या वाजल्या न्हाईत. हातभर काच घातलेली बाई हलली आन् आवाज न्हाय! असं कसं व्हईल?"

बब्रुवान उभ्याचा बसला. सकाळी पाठीशी येऊन उभी राहिलेली ती आणि तो तांब्या.

"चपला कुठं माझ्या?" तो ओरडला. त्या त्याच्या पायातच होत्या.

६

ओढा ओलांडताना तो चाँदबीला तपासाची एकेक पायरी सांगत गेला. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून दगडावरून दगडावर येत होती.

"काल तू नोंद म्हणलीस. बापयांना नोंद म्हंजे कागद. म्हणून त्यांनी वही चोरली. पाढ्यांची चोरली, पर वहीच. ज्यानं डबा चोरला त्याला दोऱ्याचं ठावं व्हतं. बापयांत एकट्या लिंबाजीला ठावं. पर त्याला डबा उघडायलाच पायजे व्हता, आन् आडोशाआड तो यील कसा? म्हंजे बाई. हर्षालीचा दोरा वाढलेला, तिला लपवायला काय न्हाय. ऱ्हायली एक. जिच्या बांगड्या वाजत न्हाईत."

"का वाजत न्हाईत?"

"तू सांग की. माप मोठं आन् मूठ बारकी झाली, तर बाई काय करती?"

चाँदबी दगडावरच थांबली. "आतून चिंध्या गुंडाळती," ती हळू आवाजात म्हणाली. "गळू नयेत म्हणून. आन् कुणाला कळू नये म्हणून."

"तूच म्हणलीस बाविसावी जायच्या वाटंवर हाय. ती निकिताच नव्हं?"

चाँदबीच्या बोटांनी त्याचा खांदा घट्ट दाबला.

"आपा, डबा जाळला नसंल ना तिनं?"

"ती न्हाय जाळायची," चाँदबी म्हणाली, आणि आता तीच पुढं निघाली.

निकिता दारात बसून शेंगा फोडत होती. दोघांना बघितलं आणि तिचे हात थांबले. बब्रुवान अंगणाबाहेरच थांबला. ह्या वेळी लुगड्याचा आडोसा नव्हता, पण तो असल्यासारखाच तो पाठ करून उभा राहिला.

"दे पोरी," चाँदबी म्हणाली.

"कशाला आलाव? म्या आजारी न्हाय."

"डबा आण."

मग चुलीमागून पत्रा घासल्याचा आवाज.

"काल ठरवलं व्हतं, डबा घावला की काडी लावायची," निकिताचा आवाज आला. "पर त्यात गायत्रीचा दोरा हाय. माझ्या जावंचा. तिकडं उसाच्या फडावरच गेली, तिथंच जाळली. फोटू न्हाय, दाखला न्हाय. तिचं म्हणून एवढंच ऱ्हायलंय. कसा जाळू?"

"मग नेलास कशाला, येडे?"

"मुकादम बघणार व्हता! माझा दोरा दिसला की जोडी मोडली. मालकाला कोण घेणार एकट्याला? सासू म्हणती, आजारी बाई घरात ठिवून करायचं काय. मला जायची हौस न्हाय आपा, मला फकस्त आजारी ठरायचं न्हाय!"

बब्रुवाननं मान खाली घातली. त्याला पाठमोऱ्यानंही सगळं दिसत होतं.

"डब्यात कुणाचं नाव हाय का?" चाँदबी विचारत होती. "दोरे बघ. समदे एकाच रिळातले, पांढरे. कुठला कुणाचा ते मुकादमाला कसं कळंल? डॉक्टरला तरी कसं कळंल? ते माझ्या बोटांत हाय. पंधरा वरसं म्या कुणाचं माप कुणाला सांगितलं का?"

"न्हाय."

"डबा चोरायची गरजच नव्हती, पोरी. पर आता म्या तुला इचारते. मॅडमला तुझा दोरा दावू? तू नको म्हणलीस तर न्हाय दावणार. एकशे सोळाच दावीन."

घड्याळात सव्वादोन झाले होते, आणि चाँदबीनं सगळा खेळ त्या पोरीच्या हातात देऊन टाकला होता.

निकितानं डबा तिच्या हातात दिला आणि ती परत शेंगा फोडायला बसली.

७

तीनला मॅडमची जीप आली, तेव्हा चाँदबीच्या दुकानापुढं सुंभाच्या दोन दोऱ्या ताणलेल्या होत्या. एकीवर गावातल्या बायांच्या गाठी, दुसरीवर वस्तीतल्या. वारा आला की गावाकडचे दोरे ऐसपैस हलायचे. वस्तीकडचे नुसतेच थरथरायचे. मधूनमधून हिरवी काच चमकायची. अल्याड तीनदा, पल्याड अठरा वेळा.

मॅडम आधी हसल्या होत्या. मग त्यांनी चष्मा लावला. मग पर्समधून मोजपट्टी काढली. पहिल्या पाच गाठी मोजल्या आणि सहावीपाशी मोजपट्टी तशीच हातात राहिली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बायांच्या हातांनी."

"मला नावं लागतील. घरोघर जाऊन मी स्वतः खात्री करणार."

"मेलेल्यांची देते," चाँदबी म्हणाली. "जित्यांची त्यांनीच द्यायची."

आणि तिनं डोळे मिटले. बोटं हिरव्या काचांवरून फिरायला लागली. नाव, नवऱ्याचं नाव, किती लेकरं, कुठल्या सणाच्या अल्याड गेली. एकदाही अडखळली नाही. श्रीनाथला मॅडमनी लिहायला बसवलं होतं. सातव्या नावाला त्याचं पेन थांबलं. "ही आमच्या शेजारची," तो पुटपुटला. "मीच लाकडं दिली व्हती." मग तो परत लिहायला लागला, पण मान वर केली नाही. सरपंचाच्या फलकाचं एक टोक सुटून फडफडत होतं आणि ते कुणी बांधत नव्हतं.

लिंबाजी गर्दीत पुढंच उभा होता. कोण सुकलंय ते बघायला आलेला, आणि दोऱ्यांना नावं नाहीत म्हणून वैतागलेला. बब्रुवान त्याच्या कानाशी गेला.

"मुकादम, सकाळचं उत्तर चुकलं तुमचं. दोन-सहा न्हाय आता. घरी जाऊन द्वारकाबाईंची मूठ हातात घेऊन बघा एकदा. लग्नानंतर घेतली नसंल."

"चेष्टा करू नका."

"ह्या एका गोष्टीची न्हाय करत."

लिंबाजी गर्दीतून बाहेर पडला. अर्ध्या तासानं तो परत आला, तेव्हा मागं द्वारकाबाई होती. आडोशाजवळ येऊन तो थांबला, लुगडं एका हातानं वर धरलं आणि बायकोला म्हणाला, "जा आत." स्वतः बाहेर उभा राहिला.

ते बघून वस्तीतल्या बाया हलल्या. मुकादमाचीच बायको बसली, तर आता लपवायचं कुणापासून? एक उठली, दुसरी उठली. पण निकिता हलेना. ती मागं भिंतीला टेकून उभी, शेजारी नवरा सिदू आणि पलीकडं सासू.

मग तिनं काय केलं, तर सगळ्यांदेखत हातातल्या बांगड्यांच्या चिंध्या सोडायला सुरुवात केली. एकेक चिंधी खाली पडत होती. शेवटची सुटली, तिनं हात खाली केला, आणि डझनभर काच खळ्ळकन तिच्या बोटांवरून निसटून धुळीत पडली. एकही बांगडी मुठीला अडली नाही.

सिदू त्या बांगड्यांकडं बघत राहिला. सात वर्षं ज्या हातची भाकरी खात होता, तो हात त्यानं बहुतेक आज बघितला.

"निकिता सिद्राम," ती मॅडमला म्हणाली. "मला चढावर दम लागतो. डोळ्यापुढं अंधारी येती. दोन सालापासनं."

मॅडमनी तिची पापणी खाली ओढून बघितली. पांढरी. नखं बघितली. मग वळून ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी फिरवा. गाव ठरलं, तपासणी सोमवारपासून इथंच. पण हिला सोमवारपर्यंत ठेवता येणार नाही. आत्ता धाराशिवला न्यायची, रक्त चढवायला."

"आत्ता?" सासूचा आवाज फुटला. "अवो बाई, आठ-आठ दिस लागत्याल! म्होरल्या हप्त्याला टोळी निघायची! आन् घरात भाकरी कुणी थापायच्या?"

सगळा बाजार सिदूकडं बघायला लागला. लिंबाजीपण. सिदूला ह्या नजरांची सवय नव्हती. त्यानं एकदा मुकादमाकडं बघितलं, एकदा जीपच्या पायरीकडं, जिथं चाँदबी निकिताला दंडाला धरून चढवत होती.

"मुकादम," तो म्हणाला, "यंदा आमची जोडी धरू नका. म्या हितंच बघतो काय तरी."

जीप हलली. निकितानं काचेतून बघितलं, पण हात केला नाही. तेवढी ताकद तिनं जपून ठेवली असावी.

धुरळ्यात सासू अजून बडबडत होती. सिदूनं धोतराचा सोगा वर खोचला, बाह्या दुमडल्या, आणि भर बाजारात, बब्रुवानसारख्या माणसाच्या डोळ्यांदेखत, आईला विचारलं,

"आये, पाच माणसांना पीठ किती घ्यायचं गं?"